कॅडी मिळेल तेच मैदान

दादाने पाचवं मैदानही नाकारलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

चार महिने झाले, बारा महिने ऊन असणाऱ्या एका समुद्रकाठच्या देशात आम्ही बहीण-भाऊ आठवडाभर गोल्फ खेळायला जायचं म्हणतोय. म्हणजे मी म्हणतेय. त्याचं काम नाकं मुरडायचं. एका मैदानावर वारा फार. दुसऱ्याचं हॉटेल लांब. चौथ्याला तर कारणही दिलं नाही, नुसतं ‘बघू’. आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, “कॅडी देतात का?”

कॅडी म्हणजे पिशवी उचलून सोबत चालणारा, चेंडू कुठे पडला ते दाखवणारा माणूस. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्याच्याऐवजी छोटी गाडी मिळते. शंभरदा सांगून झालं. पण साहेबांना माणूसच हवा! जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, मला गोल्फ शिकवतानाही स्वतःची पिशवी स्वतः वाहिली, आणि आता हा नवाबी थाट कुठून आला देव जाणे.

आज दुपारी त्याला माझ्या चष्म्याच्या दुकानात बोलावून घेतलं. वहिनीही आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसली. एरवी तिचं तोंड मिटत नाही.

मैदानांची छापलेली यादी मी दादाच्या हातात कोंबली. “यातलं एक निवड. नाहीतर यायचं नाही असं सरळ सांग. माझा जीव खाऊ नकोस!”

“ओरडतेस काय? बघतोय ना.”

त्याने कागद समोर धरलाच नाही. मान एका बाजूला वळवून, कडेच्या नजरेने तो ओळी शोधत राहिला.

अशी मान वाकडी करणारी माणसं माझ्याकडे महिन्याला दोन-चार येतात. नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेने बघायला लागतो. तिथे माझा चष्मा काही कामाचा नसतो.

“कधीपासून?” मी विचारलं.

वहिनीला रडूच फुटलं. “वर्ष झालं. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला.”

मी असली भडकले! “अरे, सख्ख्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे! माझ्याकडे का नाही आलास?”

“तू खरं सांगितलं असतंस,” दादा म्हणाला. “चेंडू मारता येतो गं मला अजून. तो जातो कुठे तेवढं कळत नाही. तुझ्यासमोर गवतात चाचपडत फिरायचं नव्हतं मला.”

चार महिने मी ह्याला नखरेल म्हणत होते. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावते, आणि घरच्या माणसाकडे धड बघितलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि पाचवं मैदान बुक करायला घेतलं.

“अगं, तिथे कॅडी नाही!”

“मी आहे ना. चेंडू कुठे गेला ते मी सांगेन.”

“आणि पाण्यात गेला तर?”

“पाण्यात गेला म्हणून सांगेन.”

दादाने शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. घरून निघतानाच तो घेऊन आला होता.