माझ्या कौतुकाची लाज

मित्रांनो, मी एक जुनी स्टेडी आहे. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, लांब दांडा फिरू लागला की मध्येच थरथरतो. अशा वेळी मी त्याच्याभोवती कड्यासारखी उभी राहते आणि माझ्या तीन पितळी बोटांनी त्याला हलकेच धरते. काम साधंच आहे. पण एकदा माझं फार कौतुक झालं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

माझा जन्म घरामागच्या पत्र्याच्या खोलीत झाला. खोली मिस्त्रींची. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना लेथ आणला होता. बाजारातली कुठलीच स्टेडी त्याच्यावर बसेना. स्वतः बनवायची खटपट करून मिस्त्रींनी नाद सोडला. तेव्हा त्यांच्या सुनेने विचारलं, मी करून बघू का? घरचं आटपून ती त्यांच्या हाताखाली हे काम शिकत होती.

जाड पोलादी प्लेट तिने करवतीने कापली. तळहाताला फोड आले. माझी बोटं बसवायच्या खाचा कानशीने घासताना एक खाच तिरकी गेली, तर तिने ती प्लेटच बाजूला टाकली आणि नव्याने सुरुवात केली. त्या दुसऱ्या प्लेटमधून मी घडले. मला लेथवर बसवल्यावर दांडा थरथरायचा थांबला, तेव्हा ती एकटीच हसली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले जुने सोबती मिस्त्रींना भेटायला आले. त्यातल्या फिटरकाकांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"मिस्त्री, या वयातही तुमचा हात तसाच आहे हो," ते म्हणाले.

सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ते नुसते हसले. सगळ्यांनी वाहवा केली. तिने कप ठेवले आणि ती आत गेली. मला ना तोंड, ना खाली घालायला मान. फिटरकाकांच्या हातात मी चकाकत राहिले.

त्या दिवसापासून ती खोलीत आली नाही. मिस्त्रींनी मला फळीवर मागे सारून ठेवलं. माझ्याकडे नजर गेली की ते दुसरंच काही शोधू लागत. माझ्यावर धूळ बसली, गंजाचे ठिपके उठले. खरं सांगते, त्या धुळीत मला जरा बरंच वाटायचं. निदान कुणाच्या डोळ्यांवर तरी येत नव्हते.

मग फिटरकाका एक लांब दांडा घेऊन आले. त्यांच्या पंपाचा होता, पंप बंद पडून होता. मिस्त्रींना मला काढावंच लागलं. त्यांनी माझी बोटं दांड्यावर आवळली, जास्तच आवळली, आणि तेलाचा थेंबही सोडला नाही. लेथ फिरताच मी किंचाळले. धूर निघाला. दांड्यावर खोल चट्टा उमटला.

"अहो, तुम्हीच बनवलीत ना ही?" फिटरकाकांनी सहज विचारलं.

मिस्त्रींनी लेथ बंद केला. हात पुसले. मग फिटरकाकांना घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"ती स्टेडी सूनबाईने केली आहे," ते फिटरकाकांना म्हणाले. "त्या दिवशी मी गप्प बसलो. मला लावता येत नाही ती. पोरी, येशील का?"

"तेल कुठे ठेवलंय?" तिने एवढंच विचारलं.

तिने माझी बोटं सैल केली, तेल सोडलं, दांडा सावकाश फिरवला. काम झालं. चट्टा मात्र पुरता गेला नाही. मिस्त्रींना पुन्हा 'बाबा' म्हणायलाही तिला बरेच दिवस लागले.

मित्रांनो, मला वापरून झालं की पुसा, तेलाचा हात फिरवा, एवढं केलंत तरी मी पुष्कळ वर्षं टिकेन. पण मला हातात घेऊन कुणी विचारलं, "ही कुणी केली?" तर तेवढं मला बोलता येत नाही. तेव्हा तुम्ही गप्प बसू नका.