हेलब्रांटला घातलेला हार

"साहेब, तुम्ही गाडी बघितलीच नाही. तुम्ही तिचं नाव बघितलं आणि सही ठोकली."

प्रज्योत एवढं बोलला आणि डिचोलीच्या त्या वाहतूक कचेरीत पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. टेबलापलीकडच्या साहेबाने चष्मा वर सरकवला. साहेबाच्या एका अंगाला शोरूमचा मॅनेजर निखिल, पांढराशुभ्र शर्ट, खिशावर सोनेरी हंस. दुसऱ्या अंगाला गाडीचे मालक गोकुळदासबाब. त्यांना पाळीपासून डिचोलीपर्यंत सगळे पात्रांवच, म्हणजे धनीच, म्हणतात. मागे भिंतीला टेकून बाकावर गंगा बसली होती, डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. तिच्या शेजारी तिचा भाचा सुदेश. तो आल्यापासून प्रज्योतकडे असा बघत होता, की तू बाहेर ये, मग दाखवतो.

"ड्रायव्हर, तोंड सांभाळ," साहेब म्हणाला. "अहवाल झालाय. जबाबावर सही कर आणि मोकळा हो."

मोकळा! जबाबात काय होतं? चालकाने स्वतःच्या मर्जीने गाडीच्या तोंडाला फुलांचा हार बांधला, त्याने गाडीचं ब्रेक लावणारं यंत्र झाकलं गेलं, गाडी नामांकित कंपनीची असल्याने तिच्यात दोष संभवत नाही. संभवत नाही! बघितलं नाही असं लिहायची लाज वाटली म्हणून संभवत नाही. याच्याखाली सही केली तर पात्रांव वकील देणार होते आणि नोकरीही ठेवणार होते. नाही केली तर लायसन्स गेलं, नोकरी गेली आणि गुन्हा एकट्याच्या अंगावर. स्टिअरिंग सोडून प्रज्योतला दुसरं काही येत नव्हतं. त्याच्या बापालाही आलं नव्हतं, आजोबालाही नाही.

हेलब्रांट हे नाव त्याच्या घरात देवाच्या खालोखाल. शंभर वर्षांमागे परदेशात घोडागाड्या बांधणाऱ्या कुठल्याशा कारखान्याने ही मोटार काढली. राजेरजवाडे तिचे गिऱ्हाईक. पोर्तुगीजांच्या राज्यात गोव्याच्या धक्क्यावर परदेशी माल भराभर उतरायचा, त्यात तीही उतरली. घाटापलीकडे लोक साध्या मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तेव्हा डिचोलीच्या खाणींच्या तांबड्या धुळीत काळी हेलब्रांट धावत होती. पात्रांवांच्या वडिलांची ती गाडी, आणि ती चालवायचा प्रज्योतचा आजोबा रामचंद्र, पेडण्यातल्या हळर्णचा. त्या गाडीच्या चाकाची टोपी हळर्णच्या घरात अजून आहे. मधोमध कंपनीचा हंस. आजी तिच्यात अबोलीची फुलं ठेवायची.

आणि त्या टोपीबरोबर घरात एक गोष्ट राहिली होती. खाणीच्या उतारावर एक मूल आडवं आलं आणि हेलब्रांट जागच्या जागी थांबली. पात्रांवांचे वडील लग्नांत, बारशांत, देवळाच्या जत्रेत ती सांगत फिरायचे. "हेलब्रांट थांबली हो! दुसरी गाडी असती तर पोर गेलं होतं." आजोबा मागे उभा राहून मान हलवायचा. फक्त आजी चुलीशी पुटपुटायची, "गाडी थांबली तर मग ह्यांच्या पोटरीत गोळा कशाला आला? रात्रभर तेल मी चोळलं, कंपनीने नाही." त्यावर सगळे हसायचे. प्रज्योतही हसायचा.

त्याच हंसाची नवी गाडी पात्रांवांनी यंदा घेतली. शोरूमच्या आवारात निखिलने आधी प्रज्योतला स्टिअरिंगशी बसवलं. समोर पुठ्ठ्याचा माणूस उभा केला.

"पाय उचल, ब्रेकला लावू नको," निखिल म्हणाला.

"आणि ठोकर बसली तर?"

"हेलब्रांट आहे, मित्रा. त्या हंसाच्या मागे डोळा आहे तिचा. माणूस दिसला की ती स्वतः थांबते."

गाडी पुठ्ठ्याच्या माणसापुढे गचकन थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. पात्रांव टाळ्या वाजवत म्हणाले, "बघितलंस? आमच्या बाबांची पण अशीच होती." प्रज्योतच्या अंगावर काटा आला. त्याला वाटलं, आजोबाची गोष्ट खरी निघाली.

मग पूजा. आपल्याकडे गाडी पूजेशिवाय फाटकाबाहेर जात नाही, आणि शोरूमवाल्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ. हार शोरूमनेच आणलेला. झेंडूचा, आंब्याच्या डहाळ्यांचा, मनगटाएवढा जाड, वर पाणी शिंपडून ओलाकच्च केलेला. निखिलने तो स्वतःच्या हाताने हंसावर लपेटला आणि सोनेरी रिबिनीने जाळीला घट्ट बांधला. सोनाली नावाच्या तिथल्या मुलीने फोटो काढले.

"हार काढू नका हां," सोनाली प्रज्योतला म्हणाली. "फोंड्याला देवळात जाणार ना? तिथला हारासकट एक फोटो पाठवा. पेजवर टाकायचाय."

तसाही तो काढायची कुणाची छाती होती? गाडीला घातलेला हार कुलदेवाच्या पायऱ्यांशी दाखवल्याशिवाय उतरवत नाहीत, आणि उतरवला तरी वाटेत टाकत नाहीत. घरी नेऊन वाहत्या पाण्यात सोडतात. फोंड्याला नारळ ठेवला, भटजीने तीर्थ शिंपडलं, पात्रांवांच्या फोनवरून फोटो गेला. तिथून पाळीच्या वाटेने डिचोलीला घरी निघाले. वाटेतच स्टिअरिंगमागच्या काचेवर पिवळा त्रिकोण पेटला.

"पात्रांव, हा दिवा कसला?"

"नवीन गाडी आहे रे, दिवे लागायचेच. तू चल. घरी आरतीला माणसं खोळंबलीत."

प्रज्योत चालला. हंसाच्या मागचा डोळा ओल्या झेंडूखाली आंधळा झाला होता आणि गाडी तेवढंच सांगत होती. पण ते सांगणं समजून घ्यायला त्या गाडीत कोणी तयार नव्हतं.

पाळीच्या वळणावर एक बंद ट्रक उभा होता. त्याच्या आडून गंगा आळसांद्याच्या शेंगांची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्यात आली. प्रज्योतने तिला बघितलं. नीट बघितलं. निळं लुगडं, टोपलीला धरलेला हात. पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच थबकला. एका श्वासापुरता. त्या श्वासात तो वाट बघत होता, की आता ती थांबेल.

ती थांबली नाही. मग त्याने सगळा जीव घालून ब्रेक दाबला, पण तोवर काचेवर आळसांद्याच्या शेंगा पसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या पेजवरचा फोटो उडाला. सोनाली फोन उचलेना. कंपनीच्या इंजिनिअरचं पत्र मात्र लगेच आलं, आणि साहेबाच्या अहवालात त्यातलीच वाक्यं उतरली. गाडी कचेरीच्या मागच्या अंगणात फणसाखाली ताडपत्री घालून ठेवलेली. ताडपत्रीवर पानगळ साठली, तिच्यावर कोंबड्या बसल्या. तिला कोणी हात लावला नाही.

"मी काय म्हणतो," निखिल आता गोड आवाजात म्हणाला, "कंपनीला शंभर वर्षं झाली. जगात हिच्या ब्रेकवर बोट ठेवणारा जन्मला नाही. राहता राहिला हार. तुमच्याकडे श्रद्धा असते, आम्ही मान देतो. पण बांधला ड्रायव्हरने."

"तू बांधलास."

"मी? माझ्याकडे साडेतीनशे गाड्यांची डिलिव्हरी होते वर्षाला. मी हार बांधत बसू?"

"अरे प्रज्योत," पात्रांव पुढे झुकले, "खुळ्यासारखं करू नको रे बाबा. तुझ्या आजोबाने आमच्याकडे हयात काढली. त्याने कधी मालकाच्या तोंडाला तोंड दिलं नाही."

"नाही दिलं, पात्रांव. म्हणून गाडी थांबली ती तुमच्या बाबांची हेलब्रांट थांबली. त्याच्या पोटरीत गोळा आला तो कोणी विचारला नाही. आणि आज थांबली नाही, तर प्रज्योत थांबला नाही. हे कसं काय? थांबली की तुमची, ठोकली की माझी?"

पात्रांवांचा चेहरा लाल झाला. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"पुरे!" साहेबाने टेबलावर थाप मारली. "सही करतोस की नाही?"

पेन पुढे आलं. प्रज्योतने ते उचललं. सही केली तर महिन्याचा पगार चालू राहणार होता, घरी बायको सुविधा आठव्या महिन्यात होती. तिने सकाळी दारात काकुळतीने एवढंच विचारलं होतं, "करतलास मां सही?" आणि तो चपला घालून बाहेर पडला होता.

तेवढ्यात मागून गंगेचा आवाज आला. बाई सिंधुदुर्गातून लग्न करून आलेली, बोली तिकडचीच.

"तुमचा भांडाण मागीर करा. माझो पाय कोणी मोडल्यान, तां आधी सांगा. माका घोटभर पाण्याक उठूक दुसऱ्याचो हात लागता."

"ह्यानेच मोडला, मावशे!" सुदेश उसळला. "बघ की समोर बसलाय!"

प्रज्योतने पेन खाली ठेवलं. बसल्या जागी वळला आणि पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं.

"गंगाबाय, तुम्ही मला दिसला होता. मी ब्रेक उशिरा दाबला. का, तर ह्या निखिलने मला शिकवलं होतं की गाडी आपली आपण थांबते. ते मी मानलं. ती माझी चूक, ती मी लिहून देतो. पण हार माझा नाही."

"पुरावा?" साहेब म्हणाला.

"मागे अंगणात आहे. हार सोनेरी रिबिनीने बांधलाय. रिबिनीवर हंस छापलाय. असली रिबीन हळर्णच्या दुकानात मिळते का, ते तुम्हीच सांगा."

निखिल हसला, पण हसू ओठांपर्यंतच. "तो हार अपघातातच तुटून पडला असणार. इतके दिवस झाले."

"अहवालात म्हटलंय की हाराने यंत्र झाकलं," प्रज्योत म्हणाला. "मग तुमच्या अहवालाने हार बघितला कधी?"

साहेबाने अहवालाची पानं चाळली. सुदेश मात्र उठला. आतापर्यंत त्याची नजर प्रज्योतवर होती, ती आता निखिलच्या खिशावरच्या हंसावर गेली.

"चला," सुदेश म्हणाला. "बघू या. तुटलेला असला तर ह्या ड्रायव्हरला मी इथेच झोडतो. नसला तर मग बघू."

"कोणीही अंगणात जायचं नाही!" साहेब ओरडला. पण सुदेश दाराबाहेर पडला होता, प्रज्योत त्याच्यामागे, आणि गंगा कुबडी टेकत, दात आवळून दारापर्यंत आली होती. शेवटी साहेबालाही उठावं लागलं. निखिल सगळ्यात मागे. चालता चालता तो कोणाला तरी फोन लावत होता आणि तो लागत नव्हता.

फणसाखाली कोंबड्या फडफडत उडाल्या. प्रज्योतच्या मनात आलं, नसला तर? उंदरांनी नेला असला तर? निखिलचा माणूस येऊन गेला असला तर? सुदेशने ताडपत्रीचं टोक धरलं आणि एका हिसक्यात ओढली. सडकी पानं सगळ्यांच्या अंगावर आली.

हार होता. झेंडूचा काळा चोथा झाला होता, आंब्याची पानं वाळून गुंडाळली होती, पण गाठ जशीच्या तशी. एका बाजूने चेपलेल्या जाळीत ती रुतून बसली होती. रिबिनीचं टोक वाऱ्यावर हललं आणि त्यावरचे छोटे छोटे हंस चमकले.

सुदेशने वाकून ते टोक बोटांत धरलं. मग निखिलच्या खिशाकडे बघितलं. मग पुन्हा रिबिनीकडे. त्याच्या तोंडून शिवी निघाली, ती कोणासाठी हे सगळ्यांना कळलं.

पात्रांव घसा खाकरत म्हणाले, "हे बघा, हे सगळं शोरूमचं आणि साहेबांचं. माझा काय संबंध?"

"पिवळा दिवा पेटला तेव्हा चल कोण म्हणालं, पात्रांव?"

पात्रांव फणसाकडे बघू लागले.

"अहवाल झालेला आहे," साहेब म्हणाला. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "आता बदलता येत नाही."

"बदलू नका. कागद द्या, मी माझ्या वाट्याखाली सही करतो," प्रज्योत म्हणाला. लायसन्स जाणार हे त्याला दिसत होतं, आणि घरी सुविधेला काय सांगायचं हे अजून ठरलं नव्हतं. "ड्रायव्हर प्रज्योत, पाय उशिरा पडला. एवढं लिहा. पण बाकीचं माझ्या नावावर जाणार नाही."

गंगा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. प्लास्टरातल्या पायाखालची पायरी तिला सोसत नव्हती, पण ती बसायला तयार नव्हती.

"विचार रे त्या सायबाक," ती म्हणाली. "माझ्यासमोर विचार."

प्रज्योत साहेबापुढे जाऊन उभा राहिला. मध्ये फक्त ती चेपलेली हेलब्रांट.

"साहेब, गाडी आता तुमच्यासमोर आहे. वाकून बघा. ही गाठ कोणी बांधली, आणि ती न बघता माझं नाव तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? बाई उभी आहे. बोला."