हेडमास्तर गुडघ्यावर

आमच्या झरीच्या शाळेचा वार्षिकांक दरवर्षी एकाच साच्यातून निघायचा. ओळीत उभी केलेली, श्वास रोखलेली पोरं आणि पहिल्या पानावर हेडमास्तर दिनकररावांचा पासपोर्ट फोटो. तो बघितला की मोठ्या माणसालाही वाटायचं, आता हे आपला गृहपाठ मागणार. यंदा अंकाचं काम माझ्याकडे, म्हणजे चित्रकलेच्या राजेश्री मॅडमकडे आलं. मी स्टुडिओवाल्याला सुट्टी दिली आणि कॅमेरा स्वतः घेतला. सकाळचा कोवळा उजेड हवा आणि माणूस काहीतरी करत असताना फोटो काढावा, एवढंच माझं म्हणणं.

सर यंदा निवृत्त होणार होते. "मॅडम, शेवटच्या अंकात माझा एक तरी फोटो चांगला यावा बगा," ते लाजत म्हणाले. मला गलबलून आलं. दुसऱ्या दिवशी ते खास शिवलेला जाड कोट घालून आले आणि माझं गलबलणं आटोपलं.

कॅमेरा दिसला की सरांचा पुतळा व्हायचा. लिंबाखाली उभं केलं, ताठ. खुर्चीत बसवलं, ताठ. "हसा ना सर," म्हटलं तर दाढ दाखवायला बसल्यासारखा जबडा उघडला.

"हसायलोय की! आनखी किती हसू?"

मी हात टेकले आणि पाचवीचा फोटो घ्यायला वळले. आता सरांची एक जुनी रीत. वर्गाचा फोटो असला की ते खिशातला कंगवा काढून एकेका पोराचा भांग स्वतः पाडतात. अपेक्षा नावाच्या चिमुरडीसमोर ते कोटासकट मातीत गुडघे टेकून बसले. तिने त्यांचं टक्कल नीट न्याहाळलं.

"सर, तुमाला तर केसंच न्हाईत. मग कंगवा कशाला बाळगताव?"

सर खदखदून हसले. मी बटण दाबलं. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो.

लॅपटॉपवर तो बघून मात्र सरांचा चेहरा उतरला. "हेडमास्तर गुडघ्यावर? गावात काय इज्जत राहील माझी? पासपोर्टच छापा."

अंक त्याच संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. सरांपुढे माझं काय चालणार? तेवढ्यात त्यांच्या पत्नी कमलबाई, सर घरी विसरलेला डबा घेऊन आल्या. मी लबाडी केली. दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले.

"हे आमच्या घरी असतेत," त्या पासपोर्टकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग दुसऱ्या फोटोकडे बघत राहिल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आन् हे इतकी वर्षं इथंच ठिवले व्हय तुमी? मॅडम, आता तरी ह्यांना घरी पाठवा."

सरांनी गुडघ्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, हाच छापा."

मग त्यांनी डबा उघडला आणि कमलबाईंसाठी खुर्ची पुढे ओढली. "बस. दोघं मिळून खाऊ."