परत घेतलेली परवानगी

मित्रांनो, मी एक जुने नियमपुस्तक आहे. नियम म्हटले की तुम्ही जांभई देणार, हे मला ठाऊक आहे. पण माझे नियम शाळेचे नव्हेत, खेळाचे. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात, आणि कोण तरले, कोण दरीत पडले, ते फासे ठरवतात.

माझा जन्म एका छोट्या प्रकाशनात झाला. थोरल्या मालकांनी माझी लंगडी वाक्ये स्वतः नीट केली आणि शेवटच्या पानावर लिहिले, की या नियमांवर कोणीही आपला खेळ रचावा, छापावा, विकावा. आम्हाला विचारू नये.

त्यांचे वकील म्हणाले, "ही परवानगी कधीच मागे घेणार नाही, असंही लिहा."

"अहो, दिलेलं कोणी परत मागतं का?" मालक हसले. "तसं लिहिलं तर उलट लोकांना शंका येईल."

ती ओळ लिहायची राहिली ती राहिलीच.

मला एका वहिनीने विकत घेतले. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची आणि संध्याकाळी सूत्रधार व्हायची. तिचा दीर नकाशे काढायचा. खेळगडीही तिला वहिनीच म्हणत. माझे शेवटचे पान वाचून तिने माझ्या नियमांवर स्वतःचा खेळ रचायला घेतला. पुरात बुडालेले शहर आणि तिथले नावाडी, असा तो खेळ. त्यात तिची कित्येक वर्षे गेली. माझी शिवण उसवली, पाने कपांच्या डागांनी भरली, पण मला कोण अभिमान वाटायचा. अखेर तिने नोकरी सोडली, साठवलेले सगळे घातले आणि खेळ छापून आणला. खोकी पलंगाखालीही मावेनात.

त्याच सुमारास थोरले मालक गेले. पुतण्या गादीवर बसला आणि घर फिरले की वासेही फिरतात तसे झाले. त्याने जाहीर केले, की जुनी परवानगी रद्द. यापुढे प्रत्येक खेळ आधी आम्हाला दाखवा, पसंत पडला नाही तर बंद करू.

"वहिनी, थोरल्यांनी लिहून दिलंय की," दीर म्हणाला.

वहिनीने माझ्या शेवटच्या ओळीखाली बोट धरले. "दिलंय, एवढंच लिहिलंय. परत घेणार नाही, हे कुठंय?"

ती एका वकिलांकडे गेली. "भांडता येईल, कदाचित जिंकालही," ते म्हणाले. "पण तोवर तग धराल का?"

दुकानदारांनी घाबरून हात वर केले. खोकी रद्दीत गेली. दीर ती जिन्यावरून खाली उतरवत होता आणि वहिनी दाराकडे पाठ करून भांडी घासत होती. मी फळीवरून सगळे पाहत होते आणि मला माझीच लाज वाटत होती.

पुढे लोकांनी पुतण्याला इतके धारेवर धरले, की त्याने जुनी परवानगी पुन्हा चालू केली. दीर धावत आला. "वहिनी, परत छापूया."

"आज दिली त्यांनी," ती म्हणाली. "उद्याचं काय सांगतोस?" दुसऱ्या दिवशी ती चष्म्याच्या दुकानात विचारायला गेली.

मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या खेळ छापेल. तुमची पात्रे, तुमची चित्रे खुशाल स्वतःकडे ठेवा. त्यात वावगे काही नाही. पण जे द्याल ते कायमचे द्या, तसे स्पष्ट लिहा, आणि तो कागद अशा त्रयस्थांच्या हाती सोपवा, की तुमच्या वारसालाही तो बदलता येऊ नये. चांगल्या माणसाचा चांगुलपणा त्याच्याबरोबर जातो, आणि त्याच्या भरवशावर उभे राहिलेले मागे उरतात.

खेळगडी अजून येतात. आता ते पत्ते खेळतात. वहिनी बरी खेळते, जिंकतेही. गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, आणि सांग असे तिला कोणी म्हणतही नाही.