कांगारूचा खिमा

बिजलीबाईने मिठाची बरणी पुढे ओढली, तिला टेकवून फोन उभा केला आणि पदराने काच पुसली. काचेत संगीताचं अर्धं कपाळ दिसलं. मग तिने तिकडे आपला फोन खाली वळवला आणि ताटलीतले काळपट तुकडे दिसले.

"पाह्य याडी," संगीता म्हणाली. तांड्यावर आईला सगळे याडीच म्हणत, आणि मेलबर्नला जाऊनही लेकीची ती हाक बदलली नव्हती. "कुकरच्या चार शिट्ट्या काढल्या. चपलेवानी झालं."

"बकऱ्यावानी शिजवलं असशील."

"मग कांगारू कसं शिजवतात, मले काय माहीत?"

उंबऱ्याशी बसलेला रामसिंग फस्सकन हसला. जावई भारत गोदामातल्या कामासाठी संगीताला एवढ्या लांब घेऊन गेला, तेव्हापासून रामसिंगला त्या देशातलं एकच ठाऊक होतं, तिथे उड्या मारणारं एक जनावर असतं. आता लेक तेच खायला निघाली होती.

"हसू नका," बिजलीबाई म्हणाली. "तिच्या अंगात रक्त नाही."

संगीताची कूस याआधी दोनदा रिकामी झाली होती. या वेळी दिवस बरेच वर गेले होते, आणि आता रक्त कमी निघालं. गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या. तिकडच्या नर्सने सांगितलं, गोळ्या थोड्या थोड्या घेत राहा, पण जोडीला लाल मांस खा. कांगारूच्या मांसात लोह भरपूर, ताकद भरपूर आणि चरबी जवळपास नाहीच.

"चरबी नाही, तिथंच गाडं अडलं," बिजलीबाई म्हणाली. बसल्या बसल्या तिने पाय लांब केले. सकाळभर सोयाबीन कापून तिची कंबर धरली होती. "बकरं आपल्याच चरबीत शिजते. याच्या अंगात काहीच नाही, तं शिट्ट्यांनी वाळणारच. खिमा भेटते का?"

"आहे फ्रीजमधी."

"मग काढ. तेल हात सैल सोडून टाक. कांदा लाल होऊ दे."

संगीताने कढई चढवली. इकडे चुलीवर रामसिंगचं मटण रटरटत होतं. रविवारी उमरखेडच्या बाजारातून मटण आलं नाही, तर त्याला आठवडा सरल्यासारखा वाटत नसे. बिजलीबाईने डावभर रस्सा वाटीत काढून त्याच्यापुढे धरला. त्याने चाखला.

"मीठ?"

"बरोबर हाय."

ती स्वतः चाखत नव्हती. संगीताला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात तिने पोहरादेवीला सेवालाल महाराजांपुढे हात जोडले होते. लेकीच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत मांस तोंडात घालणार नाही. हे फक्त रामसिंगला माहीत होतं. तो तेव्हा म्हणाला होता, "देवाले तुह्या मटणाचं काय करायचं हाय?" एवढ्या दूरच्या लेकीसाठी तिच्याजवळ करण्यासारखं दुसरं होतं काय?

"याडी, लाली गेली. उतरवू?"

"थांब वं. पाण्याचा हबका दे, झाकण ठेव. थोडंही कच्चं राहू देऊ नको. वरून लिंबू पिळजो."

"नर्स पण लिंबूच म्हणते. लोह अंगी लागते म्हणे. आणि जेवणावर चहा पिऊ नको म्हणते."

"शहाणी बाई हाय."

झाकण निघालं. खिमा मोकळा, ओलसर झाला होता. संगीताने पोळीचा तुकडा मोडला, खिमा उचलला, तोंडाजवळ नेला आणि हात खाली ठेवला.

"जात नाही याडी."

"वास येते का?"

"वास नाही. भारत रातपाळीले गेला. घरात कोणी नाही. तूच सांगत होतीस ना, मटण एकट्यानं खायचं नाही, अंगाला लागत नाही."

सांगितलं होतं खरं. तांड्यात बकरं पडलं की घरोघर वाटे जायचे. लहानपणी संगीता आपली वाटी घेऊन कोपऱ्यात पळायची, तेव्हा बिजलीबाई तिला दंडाला धरून ताटाशी आणून बसवायची. तेच बोलणं आज तिच्याच गळ्यात पडलं.

"तुमच्याकडे काय केलं आज?" संगीताने विचारलं.

"मटण," बिजलीबाई बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

संगीताचा चेहरा उजळला. "मग घे ताट. दोघी संगं खाऊ. तू खाशील तं मी खाईन."

नवसाचं सांगावं, तर पोरीच्या मनात भीती बसणार. दोन वेळा रिकामी झालेली बाई. त्यातून ती आणखी काय काय अर्थ काढील कोण जाणे. न सांगावं, तर समोरचा घास थंड होत होता. आणि नवस मोडावा, तर तो ज्या लेकरासाठी बोलला, त्याच्याच वाईटावर येईल की काय? बिजलीबाईला इतकं थकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

रामसिंगच्या पुढ्यात ताट होतं. त्याने भाकर रश्श्यात कुस्करून ठेवली होती, अजून एक घासही घेतला नव्हता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग ताट जमिनीवरून सरकवत तिच्यापुढे आणलं, तांब्या घेतला आणि उंबऱ्याबाहेर हात धुऊन टाकले.

"बा, तुम्ही नाही बसले?" संगीताने विचारलं.

"नाही वं बाई. म्या सोडलं."

"मटण? तुम्ही? कधीपासून?"

"आत्ताच."

"काहून?"

रामसिंगने ओले हात धोतराला पुसले. "असंच. तुह्या लेकराच्या बारशाले खातो आता."

संगीता हसली, आणि हसता हसता तिने घास तोंडात घातला.

बिजलीबाईने मान खाली घातली. मनातल्या मनात महाराजांना हात जोडले आणि कालवलेली भाकर उचलली. पहिला घास तिने न चावताच गिळला. दुसऱ्या घासाला तिला चव कळली. रस्सा अळणी होता. नुसता आजचाच नसणार, इतके महिने ती न चाखताच शिजवत होती. तिने उंबऱ्याकडे पाहिलं. रामसिंग पाठ करून अंगणातल्या सोयाबीनच्या ढिगाकडे बघत बसला होता.

"मस्त झालं याडी," काचेतून संगीता म्हणाली. तिचे दोन्ही गाल भरलेले होते. "तुझं कसं झालं?"

मीठ घ्यायचं तर बरणी हलवावी लागली असती, आणि फोन आडवा झाला असता.

"बरोबर हाय," बिजलीबाई म्हणाली, आणि तिने पुढचा घास घेतला.