कचऱ्यात उकडलेलं अंडं

कचराडेपोच्या ढिगावर चाळीस माणसे नाक दाबून आणि हात जोडून उभी होती. दोन्ही एकदम कसे जमले, ते बाबाच जाणे. बाबांनी हातभर खड्ड्यात अंडे पुरले, तासभर डोळे मिटले, मग ते काढून कपाळावर फोडले. उकडलेले!

"ही माझ्या तपाची ऊब! सांधे, साखर, सुनेचा स्वभाव, सगळं नरम पडेल! फक्त खड्ड्यात अनवाणी उभं राहा!"

ढिगात रोवलेल्या नऊ नळ्यांचे तापमान रोज मोजणारी नोंदणीबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली. कारण पहिल्याच रांगेत तिच्या सासूबाई होत्या.

"उद्या माझा नंबर," त्या खुशीत म्हणाल्या.

"आई, साखरेमुळे तुमच्या पायांना चटका कळत नाही. भाजून निघाल!"

"मला अक्कल शिकवू नकोस."

बाबा रोज नेमकी सर्वांत गरम जागा कशी शोधतो, हेच बाईला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे फाटकावरच्या फळ्यावर आकडे लिहिले आणि मागे वळून पाहिले. बाबा चष्मा लावून फळा वाचत होता!

तो चहाला गेला तशी तिने खडू उचलला. तिसऱ्या नळीपाशी नुसती पाडलेल्या घरांची माती होती. वहीत तिथले खरे एकतीस अंश तसेच ठेवून फळ्यावर तिने तिथे चौथ्या नळीचे चौऱ्याहत्तर ठोकून दिले आणि चौथीला एकतीस.

चहाहून परतताना बाबाने फळा पुन्हा पाहिला आणि तडक तिसऱ्या नळीशी. सासूबाईंनी चपला काढल्या.

"आधी अंडं, मग आई," बाई आडवी आली.

तासाने बाबांनी ऐटीत अंडे कपाळावर फोडले. बलक भुवयांवरून दाढीत उतरला.

"कुणाची तरी सावली पडली!" बाबा ओरडला.

"सावली नाही, माझा खडू पडला," म्हणत बाईने सर्वांना वही दाखवली. "हे रोज माझा फळा वाचून खणतात, आज मी त्यावर आकडे उलटे लिहिले. ओला कचरा कुजवताना जंतू उष्णता सोडतात, ती ढिगात कोंडते. तुमच्या खड्ड्यांतून हवा आत गेली, म्हणून चौथी नळी आठवड्यात बासष्टवरून चौऱ्याहत्तरवर गेलीय. अजून खणलंत तर ढीग पेटेल. हात जोडण्याआधी मोजून बघा, विचारून बघा. एवढं तरी करा!"

लोक खड्डे बुजवू लागले, तेवढ्यात बाबा पसार झाला.

सासूबाईंनी चौथ्या नळीत सोडलेला तापमापक स्वतः वाचला. मग आपल्या तळव्यांकडे पाहिले आणि गुपचूप चपला घातल्या.

"अगं," वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "असला एक घरी आण. आंघोळीचं पाणी मोजून घेत जाईन."