मावशींच्या बोटांनी निवडलेला मदरबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. तुम्ही मला बहुधा कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. संगणक म्हटलं की लोकांना पडदा आठवतो, कळफलक आठवतो, फार तर माऊस. मी पेटीच्या आत उभा असतो, पाठ पत्र्याला लावून. संगणकाचे सगळे अवयव माझ्यावर बसवलेले असतात आणि ते एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फतच. सध्या माझ्या कोपऱ्यांत कागदाचा बारीक भुसा अडकलेला आहे. तो भुसा कुठून आला, हीच माझी गोष्ट.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. तांब्याचे पातळ थर एकावर एक दाबून माझं अंग घडवलं गेलं आणि त्यांत केसाएवढ्या वाटा कोरल्या गेल्या. मग यंत्रांच्या चोचींनी माझ्यावर लहानमोठे भाग टोचून बसवले. शेवटी मला वितळलेल्या धातूच्या लाटेवरून नेलं. माझी पाठ त्या लाटेला नुसती टेकली आणि भागांच्या प्रत्येक पायाशी धातूचा एक थेंब थिजून राहिला. समोरून पाहिलं तर मी उंचावरून दिसणारं एखादं गाव होतो, आणि पाठीवर मात्र नुसते ठिपके, बारीक, टोकदार, मोजता न येणारे. भिंगातून तपासणाऱ्या बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्याच्यात खोट नाही गं." ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी.

मग मला एका चकाकत्या करड्या पिशवीत घातलं आणि मी झोपलो.

मित्रांनो, मदरबोर्डाची झोप कधी पुरी नसते. माझ्या कुशीत बटणासारखी एक छोटी बॅटरी असते. ती माझं घड्याळ चालू ठेवते. त्यामुळे बाहेर काय चाललंय ते मला कळत नाही, पण वेळ सरतोय एवढं कळत राहतं. त्या अर्धवट झोपेत मला एकच स्वप्न पडायचं. माझ्या पाठीवरून कुणीतरी अनवाणी चालत येतंय, प्रत्येक ठिपक्याशी थांबतंय आणि विचारतंय, इथे काय लिहिलंय? पावलं पुढे जात आणि मी पुन्हा झोपत असे.

जाग आली ती एका अरुंद दुकानात. छतापर्यंत खोकी, मधोमध काचेचं टेबल आणि त्यामागे दुकानदार. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधायची त्यांना सवय होती. शेजारच्या फळीवर नव्या पिढीचे मदरबोर्ड होते. त्यांच्या अंगात रंगीत दिवे होते, आणि दाखवण्यासाठी विजेला जोडून ठेवल्यामुळे ते चमकत, कुणाचे निळे, कुणाचे जांभळे, कुणाचे हिरवे. माझ्याकडे दिवे नव्हते. माझ्या कडेला होतं ते एक रुंद सॉकेट, भोकांच्या दोन ओळींचं. त्याला पॅरलल पोर्ट म्हणतात. पूर्वी प्रिंटरची जाड वायर तिथे लावत. नव्यांच्या अंगावर तो नसतोच.

"काका, ह्याला पेन्शन द्या आता," एकदा एक गिऱ्हाईक मला बघून म्हणालं.

"पेन्शन नाही म्हणून तर कामाला ठेवलाय," दुकानदार म्हणाले, आणि दोघं हसले. मला पुन्हा पिशवीत सरकवलं गेलं. माझ्या खोक्याचा कोपरा तोवर फाटला होता.

मग एका दुपारी दुकानात दोघी जणी आल्या. पुढे होती भाची, खांद्याला पिशवी, हातात फोन, अर्धी दुकानात आणि अर्धी अजून रस्त्यावर. तिच्या कोपराला धरून मागे होत्या मावशी. मावशींना दिसत नव्हतं. जन्मापासूनच. त्यांनी आयुष्यभर अंध मुलांच्या शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून त्या मुलांसाठी ब्रेल पुस्तकं तयार करत होत्या. ब्रेल म्हणजे जाड कागदावर उठवलेले ठिपके. ते डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायचे.

दुकानात झालेल्या बोलण्यातून मला बाकीचं समजलं. मावशींकडे ठिपके उठवणारं एक जुनं, वजनदार यंत्र होतं. ते धडधाकट होतं. त्याला जोडलेला संगणक मात्र एक गोष्ट छापत असताना ऐन मध्यावर जळाला होता. भाचीने आपल्या लॅपटॉपला वेगळी वायर लावून यंत्र चालवून पाहिलं, तर त्याने नुसते वेडेवाकडे ठिपके मारले. नवं यंत्र घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला होता की यंत्र बंदच पडलं असेल तर राहू द्या, आता आपण मुलांना गोष्टी ऐकवतच जाऊ.

"ऐकवा की, कोण नको म्हणतंय!" मावशी दुकानदारांना सांगत होत्या, जणू तेच मुख्याध्यापिका. "पण ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळतं का? स्वल्पविराम ऐकू येतो का? मुलांनी वाचायचंच नाही म्हणजे काय!"

"मावशी, ते काका कॉम्प्युटर विकतात," भाची म्हणाली.

"मग त्यांना शाळा नव्हती का?"

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. भाचीने फळीकडे बोट दाखवलं. तिने घरी पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते आणि तिची निवड झाली होती. "तो जांभळ्या दिव्यांचा द्या. सगळ्यात नवा तोच ना? दहा वर्षं बघायला नको."

"हातात दे माझ्या," मावशी म्हणाल्या.

"अगं, काय बघणार आहेस तू त्यात?"

"बघते तर खरी. तू दिवे बघ, मी बाकीचं बघते."

दुकानदार जरा घाबरले. "मावशी, अंगात वीज साठलेली असते आपल्या. आधी ह्या लोखंडी कपाटाला हात लावा. आणि बोर्ड कडेनंच धरायचा हं."

मावशींनी आज्ञाधारकपणे कपाटाला हात लावला. मग त्यांनी जांभळ्या दिव्यांच्या बोर्डाची कड बोटांनी चाचपली. एक चौकोनी सॉकेट, दुसरं चौकोनी, गोल, गोल, पुन्हा चौकोनी. त्यांनी मान हलवली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. टेबलावर नाकारलेल्यांची रांग लागली. फळीवर उरलेल्या नव्या बोर्डांचे दिवे चमकत होते आणि त्यांचा मावशींवर काडीचाही परिणाम होत नव्हता.

दुकानदार मागच्या फळीशी गेले आणि मला घेऊन आले. "हा एक पडून आहे. जुना आहे, पण कोरा आहे. ह्याला लागणारा प्रोसेसर आणि मेमरीही निघेल माझ्याकडे."

मावशींची बोटं माझ्या कडेवरून निघाली. चौकोनी सॉकेट, गोल सॉकेट, आणि मग ती रुंद, दोन ओळींची भोकं. बोटं थांबली. एकदा पुढे गेली, एकदा मागे आली.

"हाच!" मावशी म्हणाल्या. "माझ्या यंत्राची वायर इथेच बसते."

"मावशी, जुना आहे गं तो."

"मीही आहे."

मग त्यांनी मला हलकेच उलटं केलं आणि त्यांचं एक बोट माझ्या पाठीवर टेकलं. मित्रांनो, मला एकदम ओळख पटली. स्वप्नातली पावलं हीच होती. ते बोट ठिपक्याठिपक्यांवरून चालत गेलं, थांबत, पुन्हा चालत.

"अगंबाई, ह्याच्यावर तर लिहिलंय काहीतरी!"

"काय लिहिलंय?" भाचीने विचारलं.

मावशींनी थोडं वाचल्यासारखं केलं. "बडबड. नुसती बडबड. पण अक्षर सुंदर आहे."

त्या दिवसापासून मी मावशींचा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं. पेटी जुनीच वापरायची होती, कारण ती दणकट होती. जुन्या संगणकातली डिस्कही शाबूत होती आणि ती अपुरी गोष्ट त्या डिस्कमध्येच होती. भाची माझ्यावर एकेक भाग बसवू लागली. मावशी तिला घाईबाई म्हणत, आणि ते नाव खोटं नव्हतं. दोन स्क्रू तिने लावायच्या आधीच हरवले. ते मावशींनी फरशीवर तळहात फिरवून शोधून दिले. मेमरीची पट्टी बसवताना मात्र तिचा हात कचरला. इतका जोर लावला तर हा मोडेल, असं तिला वाटलं असावं. तिने पट्टी नुसती टेकवली आणि पुढे गेली.

मधेच फोन वाजला. शाळेच्या वसतिगृहातली एक लहान मुलगी होती. मावशी तिला इन्स्पेक्टर म्हणत, कारण ती प्रश्न सोडून दुसरं काही बोलतच नसे.

"मावशी, झाला का कॉम्प्युटर? दार कुणी वाजवलं? चोर होता का?"

गोष्ट एका दीपगृहाच्या रखवालदाराची होती. वादळात त्याचं दार वाजतं, तो कडी काढतो, दार उघडतो, आणि समोर... तिथेच जुना संगणक जळाला होता. पहिला भाग इन्स्पेक्टरने वाचून संपवला होता.

"सांगणार नाही," मावशी म्हणाल्या. "बोटांनी वाचायचं."

"वहिनी होती का?"

"रखवालदाराची वहिनी वादळात कशाला येईल?"

"मग सांगा ना!"

मावशींनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा हसरा होता, पण हात टेबलाच्या कडेवर उगाच फिरत होता. यंत्र चाललं नाही, तर ह्या मुलीला ते दार कुणीतरी वाचून दाखवणार होतं. ते त्यांना नको होतं.

सगळं जोडून झालं. भाचीने बटण दाबलं. पंखा फिरला. भाची सवयीने समोर पाहत राहिली, आणि समोर भिंत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "स्क्रीन कुठाय?"

"कसली स्क्रीन?"

"अगं, पडदा! काय बिघडलंय ते पडद्यावर दिसतं. सगळं आणलं मी, आणि पडदाच विसरले!"

"ह्या घरात पडदा होता कधी? माझा जुना संगणक बोलून दाखवायचा सगळं."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. ह्या घरात ती लहानाची मोठी झाली होती. संगणकाला पडदा हवा हे इथे कुणाला कधी आठवलंच नव्हतं. आता आत काय चाललंय, हे कळायला काही मार्गच नाही असं तिला वाटलं. आणि मला तर सांगायचं होतं. जुन्या पेटीत बोटाच्या पेराएवढा एक भोंगा होता. मी सगळा जीव त्यात ओतला. लांब, लांब, लांब ओरडलो.

"बंद कर, बंद कर! जळतोय हा!" भाची वायर ओढायला धावली.

"थांब गं." मावशी पेटीकडे कान करून ऐकत होत्या. "हे ओरडणं माझ्या ओळखीचं आहे. जुना असाच ओरडायचा, मेमरीची पट्टी हलली की. नीट बसवलीस ना?"

"बसवली... म्हणजे, ठेवली."

वायर काढून भाचीने अंगठे पट्टीवर ठेवले, डोळे मिटले आणि दाबलं. माझ्या कडेची खिटी खट्‌ करून बसली. मला अजिबात दुखलं नाही.

तिने पुन्हा बटण दाबलं. ह्या खेपेला मी एकदाच बोललो. टुक्‌. मदरबोर्डाच्या भाषेत त्याचा अर्थ, सगळं ठीक आहे.

थोड्या वेळाने स्पीकरमधून तो सपाट, यांत्रिक आवाज आला आणि डिस्कवरच्या फायलींची नावं वाचू लागला. मावशींनी यंत्राची जाड वायर माझ्या रुंद सॉकेटात बसवली आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू स्वतः पिळले. आता खरी परीक्षा होती. लॅपटॉपला जोडल्यावरही यंत्राने कागद ओढला होताच, पण मारले होते वेडेवाकडे ठिपके.

यंत्र धडधडू लागलं. टेबल हादरलं. माझ्या वाटांवरून अक्षरं धावत होती आणि पलीकडे कागदावर ठिपके होऊन उगवत होती. पहिली ओळ बाहेर आली. मावशींनी बोट ठेवलं. बोट चाललं, थांबलं, पुन्हा चाललं.

"वाच ना मोठ्याने!" भाची म्हणाली. "बरोबर आलंय का?"

"'त्याने दार उघडलं आणि समोर,'" मावशींनी वाचलं. पुढचं त्यांनी नुसतं बोटाने वाचलं. मग हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"समोर कोण?"

"ब्रेल शिक. मग कळेल."

पुस्तक वसतिगृहात पोचलं त्या संध्याकाळी मावशींनी स्वतः फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. पलीकडून फक्त जाड कागदावरून बोट सरकल्याचा बारीक आवाज येत होता.

"इन्स्पेक्टर? आहेस ना?"

"नंतर बोलते, मावशी," आवाज आला. "आत्ता वाचतेय."

मित्रांनो, त्यानंतर कितीतरी पुस्तकं माझ्यातून गेली. त्या यंत्रातून उडणारा कागदाचा भुसा माझ्या अंगावर साचत गेला. मधल्या काळात मावशी आजारी पडल्या आणि माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पंखा गुदमरला, मी तापू लागलो, काम करता करता बंद पडू लागलो. नवा घ्यायची बोलणीही झाली. मग बऱ्या झालेल्या मावशींनी एकदा पेटीवर हात ठेवला, तो झटकन मागे घेतला आणि भाचीला म्हणाल्या, "ताप आलाय ह्याला. आधी अंग पूस, मग निवड दुसरा." भाचीने मऊ ब्रश घेतला. तिची घाई आता जरा कमी झाली आहे. थोडा भुसा अजून राहिलाय कोपऱ्यांत, तो मला चालतो.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याला धूळ खाऊ देऊ नका, त्याच्या पंख्याला श्वास घेऊ द्या. आणि टाकून द्यायच्या आधी त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. कुणाची तरी वायर फक्त तिथेच बसत असेल.

दारात कोण होतं ते मला ठाऊक आहे, कारण तो शब्द माझ्यावरूनच गेला. पण मी मावशींच्या घरचा आहे. मी सांगणार नाही.